काचेतला बुढा

आंबागडच्या डोंगराखाली, तलावाच्या पाळीला पाठ लावून बसलेलं एक गाव आहे. तिथं परक्या माणसानं नत्थू कापगतेचं घर विचारलं, की पोरं उलट विचारतात, "कोणता, माकडाचा का?" आणि हसत हसत दारापर्यंत नेऊन सोडतात. नत्थूनं माकड कधी पाळलं नाही, नाचवलं नाही, मारलं तर नाहीच. हे नाव त्याला त्याच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका धाडसाबद्दल मिळालं. बक्षीस म्हणून म्हणा ना.

माणूस तसा साधा. धानाचं शेत, दोन बैल, बोलणं कमी. चेहऱ्यात एकच गोष्ट डोळ्यात भरायची. भुवयांवरचं हाड असं पुढं आलेलं, की शेजारचा धनीराम म्हणायचा, "याले पाण्यापावसात डोये पुसाचं काम नाई. देवानं छप्पर देल्लं." धनीरामची जीभ ही त्या गावाची दुसरी चावडी. कोणाच्या घरी काय शिजलं हे तिथं आधी कळायचं आणि चुलीवर मागून चढायचं.

हे छप्पर नत्थूला बापाकडून आलेलं. बापाचं नाव तुलाराम. इकडे बापाला बुढा म्हणतात. त्यात वयाचा संबंध नाही. बाप पंचविशीचा असला तरी पोरासाठी तो बुढाच, आणि बायको जराशी जुनी झाली की तीही नवऱ्याला बुढाच म्हणते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण नत्थूचं सगळं या एका शब्दापायी बुडालं.

तुलारामला एक दिवस ओसरीवर बसल्याजागी बिडीचा चटका बसला. म्हणजे बसला हे त्याला कळलंच नाही. मांस जळल्याचा वास आला म्हणून मनकर्णाबाई, त्याची बायको, आतून धावत आली, तर हा धूर सोडत निवांत बसलेला. बोट काळं पडलेलं. मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या, भुवया गळाल्या, नाक आत बसू लागलं. त्या रोगाचं नाव घरात कोणी घेतलं नाही. नत्थूची बहीण लग्नाची होती. असं घर आहे म्हटल्यावर तिला कोण करणार, आणि तिच्यामागून नत्थूला तरी कोण देणार?

मग घरानं गावाला सांगितलं, की तुलाराम बैराग्यांच्या टोळीबरोबर अमरकंटकला गेला. गाव म्हणालं, बरं झालं, पुण्य लागेल. आणि तुलाराम तलावाच्या पलीकडच्या शेतातल्या खोपीत जाऊन बसला. मनकर्णाबाई रोज तिन्हीसांजेला पदराखाली भाकर घेऊन तिकडे जायची. पोपट हाकलायला जाते म्हणायची. पण पोपट काही तिन्हीसांजेला येत नाहीत, एवढं ज्ञान गावाला होतं. धनीरामनं तर छडाच लावला. "बुढा तीर्थाले अन् बुढीचा पोपट वावरात," तो पाणवठ्यावर म्हणाला, आणि बायका घागरी भरायच्या विसरल्या. मनकर्णाबाईच्या कानावर हे आलं. तिनं खाली मान घातली आणि तशीच राहू दिली. लोक तिला बदफैली समजत होते तोवर खोपीकडे कोणी डोकावणार नव्हतं. नवऱ्याला जपायचं म्हणून तिनं नसलेल्या यारासाठी बदनामी घेतली.

चौसष्टच्या वैशाखात तुलाराम गेला. त्या रोगाचं मढं जाळत नाहीत. पुरतात, वर मीठ घालतात. नत्थू तुमसरच्या बाजारातून मिठाचं पोतं घेऊन आला, तर वाटेत धनीराम आडवा.

"का गा नत्थू, यंदा सारं गावच लोणच्यात घालतं का?"

"आंबे लय आले," नत्थू म्हणाला.

"तुह्या झाडाले तर मोहोर बी नोता आला बाप्पा."

नत्थूनं बैलाला टोचलं. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, गाव उन्हानं आडवं झालेलं असताना, मायलेकांनी तलावाच्या आटलेल्या कोपऱ्यात खड्डा केला. वरचा गाळ सुटला, खालचा मुरूम फोडला, त्याच्याही खाली दगडगोट्यांचा कडक थर लागला, तोही कुदळीनं उकरला, आणि तिथं तुलारामला निजवलं. आषाढात पाणी चढलं. पुढच्या साली दुष्काळात तलावाला भेगा पडल्या, तेव्हा नत्थूची झोप उडाली होती. पण तो कोपरा कोणी उकरला नाही.

डोकं भादरलं नाही, तेरावं झालं नाही, हाडं पाण्यात गेली नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मनकर्णाबाईचं कुंकू. नवरा तीर्थाला आहे ना, मग कुंकू लावायला हवं, बांगड्या भरायला हव्यात. बहिणीचं लग्न झालं, नत्थूचं झालं, सुंदरबाई सून म्हणून आली, नात सुमन झाली. लोक म्हणायला लागले, तुलाराम तिकडेच साधू झाला. म्हातारी रोज सकाळी आरशापुढे बसायची आणि मेलेल्या माणसाच्या नावानं कपाळ भरायची. ओटीला बोलावणं आलं की ती कंबर धरून पडून राहायची. सुनेला वाटायचं, वयानं.

असं करत त्र्याऐंशी साल उजाडलं. उन्हाळ्यात रोजगार हमीवर तलाव खोल करायचं काम निघालं. नत्थूनं पहिल्याच दिवशी तो कोपरा मागून घेतला. तिथं मुरूम कडक, कोणाला नको होता, म्हणून मिळाला. तो वरवर खरवडायचा आणि टोपल्या दुसरीकडून भरायचा. धनीराम म्हणायचा, "नत्थू जमीन खोदत नाई, तिची दाढी करते."

तेवढ्यात थोड्या अंतरावर त्याच दगडगोट्यांच्या थरात एक भलंमोठं हाड निघालं, दगड झालेलं. भंडाऱ्याच्या कॉलेजातले प्राध्यापक वासुदेवराव जीप करून आले. नवीनच आलेले, पुण्याकडचे. हाडाला हात लावून म्हणाले, हत्तीचं आहे, लाखभर वर्षांपूर्वीचं. आदल्या हिवाळ्यात नर्मदेच्या काठी फार जुन्या माणसाच्या कवटीचा तुकडा सापडल्याची बातमी आली होती. तेव्हापासून वासुदेवरावांना झोप नव्हती. नर्मदेला मिळतं ते वैनगंगेच्या मुलखात का मिळू नये?

त्यांना मिळालं. नत्थू हिवतापानं घरी पडला आणि मुकादमानं त्या कोपऱ्यात धनीरामला लावलं.

बोंब उठली तसा नत्थू घोंगडी पांघरूनच धावला. धनीराम खड्ड्याच्या काठावर बसला होता. समोर कवटी, बरगड्या, विखुरलेली हाडं. कवटीच्या भुवयांवरचं हाड पुढं आलेलं, नाकाच्या जागी रुंद भगदाड, वरचे पुढचे दात नाहीत, दातांची जागाही झिजून गेलेली.

"पाय ना गा, माकड होय का माणूस?" धनीराम म्हणाला.

नत्थू खड्ड्यात उतरला. धपकन खाली बसला आणि उठला तेव्हा खालचा जबडा त्याच्या घोंगडीत होता. लोकांना वाटलं, ताप चढला.

वासुदेवराव आले ते जवळपास नाचतच. हत्तीचा थर तोच, कवटीचा थर तोच. म्हणजे दोघांचा काळ एक. तो थर उकरून कोणी मढं आत ठेवलं असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. येणार कसं? त्यांनी मसणवटी पाहिलेली, तलावात पुरणारी माणसं पाहिली नव्हती. नाकाचं भगदाड बघून ते म्हणाले, "असं नाक आजच्या माणसाला नसतं." आणि ते खरंच होतं. तुलारामलाही आधी नव्हतं.

खालचा जबडा मात्र मिळेना. तीन-चार दिवस त्यांनी माती चाळून घेतली. एका दुपारी त्यांची नजर नत्थूवर गेली.

"अहो, इकडे या. हे कपाळ पाहू."

त्यांनी पिशवीतून चिमट्यासारखं काहीतरी काढलं आणि सगळ्या मजुरांसमोर नत्थूचं डोकं मोजलं. इकडून, तिकडून, भुवयांवरून. शेजारी कवटी ठेवली. "बघा, हे लक्षण या भागात अजून टिकून आहे," ते विद्यार्थ्यांना म्हणाले. नत्थूला वाटलं, आता हे म्हणणार, हा तुझा बाप. पण विद्वान माणूस फार लांबचं बघतो. ते लाख वर्षं मागं गेले, एकोणीस वर्षांवर थांबलेच नाहीत.

जबडा मनकर्णाबाईनं फडक्यात बांधून धानाच्या ढोलीत तळाशी घातला. त्या दिवशी ती जेवली नाही.

"अर्धा घरी, अर्धा त्या मास्तरच्या पेटीत," ती म्हणाली. "असा माणूस सुटते का गा?"

"सुमनचं लगन होऊ दे माय. मंग आणतो."

"तुह्या बहिणीच्या येळी बी हेच म्हटलं होतं. मी मरतो ना आता. मले हे कुकू पुसू दे. त्यायले पाणी दे अन् मले रांडमुंड होऊ दे, दुसरं काई मांगत नाई."

सुमनचं बपेऱ्याला जमत होतं. मुलगा सोसायटीत चिकटलेला, घर खाऊनपिऊन सुखी. व्याह्यानं एकच चौकशी केली होती: घरात काही आजार वगैरे? नत्थूनं नाही म्हटलं होतं.

इकडे मारुतीच्या पारावर वाद पेटला. वासुदेवरावांनी एक दिवस तिथंच भाषण दिलं, माणूस वानरासारख्या पूर्वजापासून झाला म्हणून. पुजाऱ्यानं कानावर हात ठेवले. कवडू म्हणून एक म्हातारा होता, त्यानं विचारलं, "मास्तर, मंग अथीचे वानेरं अजून माणूस काहून नाई बनले? माह्या वाडीतले तर लय हुशार हायेत."

"तसं एकदम होत नाही, बाबा. त्याला लाखो वर्षं लागतात."

"तवरिक वांगे कोण राखन?"

लोक हसले. कोणी म्हणालं, आपण माकडापासून, मग पाटील कोणापासून? पुजारी म्हणाला, पहिला माणूस ब्रह्मदेवानं केला, आणि त्याला शेपूट नव्हतं. वासुदेवराव म्हणाले, पुरावा माझ्या पेटीत आहे. दोन्ही पक्ष हातघाईवर आले तुलारामवरून. आणि तुलारामचा पोरगा पाराच्या कडेला बसून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

माघात कॉलेजात प्रदर्शन भरलं. तलाव आपल्या गावचा म्हणून वासुदेवरावांनी सगळ्या गावाला आवतण दिलं. धनीरामनं ट्रॅक्टर जमवला. मनकर्णाबाई म्हणाली, मी बी येतो. नत्थूनं नको म्हटलं, सुंदरबाईनं नको म्हटलं, पण ती ट्रॉलीत जाऊन बसली होती. वाटेत बपेऱ्याचे व्याहीही मिळाले. बातमी त्यांच्याकडेही गेली होती.

दिवाणखान्याएवढी खोली. मधोमध काचेचं कपाट. आत तुलाराम. खालचा जबडा मिळाला नव्हता म्हणून वासुदेवरावांनी पांढऱ्या प्लास्टरचा बनवून घेतला होता, जसा त्यांना असायला हवा होता तसा: पुढं आलेला, जाड, सुळ्यांचा. डोकं बापाचं, जबडा माकडाचा. मागं भिंतीवर चित्रकलेच्या मास्तरांनी रंगवलेला सबंध माणूस. अंगभर केस, हातात दांडकं, कमरेला काही नाही. खाली मोठ्या अक्षरांत 'वैनगंगेचा आदिमानव'.

पोरं चित्राकडे बोट दाखवून खिदळत होती. मनकर्णाबाई कपाटापुढे आली. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, तोंड झाकेपर्यंत, तरुणपणी नवऱ्यासमोर ओढायची तसा. मग इतक्या हळू म्हणाली की फक्त नत्थूनं ऐकलं.

"नागवं काहून केलं रे यायले?"

नत्थू गर्दीतून वाट काढत वासुदेवरावांसमोर गेला. हात जोडले. आवाज त्याच्या मापापेक्षा मोठा निघाला.

"मास्तर, हा माहा बुढा होय."

आधी धनीराम हसला, आणि त्याच्या पाठोपाठ अख्खं गाव. बुढा म्हणजे बाप, हे गावाला ठाऊक होतं, म्हणून तर गाव हसलं. नत्थूचा बाप अमरकंटकला साधू झालेला, आणि हा सांगतो बाप कपाटातलं माकड. "पाय बे," धनीराम म्हणाला, "कपाय तर सेम टू सेम हाये. माकडाचाच निंगाला नत्थू."

वासुदेवराव तेवढे हसले नाहीत. त्यांनी नत्थूच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"ऐकलंत?" ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "न शिकलेला शेतकरी या कवटीला आपला बुढा म्हणतो. आपला वृद्ध, आपला पूर्वज. जे मान्य करायला शिकलेले लोक कचरतात, ते या माणसानं हात जोडून मान्य केलं. खरं आहे, भाऊ. हा तुझाच नाही, आम्हा सगळ्यांचा बुढा आहे."

टाळ्या पडल्या.

ज्यांना शब्द कळला त्यांना खरं वाटलं नाही, आणि ज्याला खरं वाटलं त्याला शब्द कळला नाही. नत्थूला अजून एकच वाक्य बोलायचं होतं. त्यायले तो रोग होता, आमी पुरलं. वाक्य जिभेवर आलेलं. समोर व्याही उभे होते, पोट धरून हसत होते. त्यांनी नत्थूच्या पाठीवर थाप मारली. "मोठे गमती आहा बाप्पा तुमी."

नत्थू हसला. आयुष्यात तेवढं वाईट हसू त्यानं पुन्हा हसलं नाही. मायचा हात धरून तो बाहेर आला. ट्रॉलीत धनीराम माकडाच्या नावानं गाणी जोडत होता, आणि म्हातारी बाहेर अंधारत चाललेल्या शेतांकडे बघत बसली होती.

पेपरात आलं: गावकऱ्यांनी आदिमानवाला पूर्वज मानलं. कात्रण पाराच्या खांबाला चिकटवलं. सुमनचं लग्न थाटात झालं. मनकर्णाबाईनं अक्षता टाकल्या, पुढं हाडांचं नाव काढलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "मी मेली का माही राख कारध्याच्या घाटावर नेजो. तठून ते कालेज जवळ हाये म्हणते."

ती सत्त्याऐंशीच्या पौषात गेली. आणि गावच्या बायकांनी काय करावं? अहेव मेली म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळभर कुंकू माखलं. शकुनबाई म्हणून शेजारीण होती, ती डोळे पुसत म्हणाली, "भाग्याची वो. नवऱ्याच्या आंगुदर गेली." एकेक सवाष्ण येऊन तिच्या पाया पडली. ज्यांनी पोपटावरून पाणवठ्यावर दात काढले होते त्याही पडल्या. नत्थू उंबऱ्यावर बसून बघत होता. त्याला ते कुंकू पुसायचं होतं. हात उठला नाही.

अस्थी घेऊन निघाला तेव्हा त्यानं ढोली उपसून फडकं काढलं आणि अस्थींच्या गाडग्यात घातलं. बरोबर धनीराम निघाला. शेजारधर्म. तो चुकवत नसे, जीभ कशीही असली तरी.

भंडाऱ्याला उतरल्यावर नत्थू म्हणाला, "तू कारध्याच्या पुलावर थांब. माहं कालेजात काम हाये." एसटीत तो सगळी वाट ओठ हलवत आला होता. धनीरामला वाटलं, रामनाम. तो वाक्य घोकत होता, पुस्तकातलं, शुद्ध, ज्यात कोणाला दुसरा अर्थ लावता येऊ नये. ही माझ्या वडिलांची कवटी आहे. त्यांना महारोग होता. ती मला परत द्या. सुमनला दोन लेकरं झाली होती. आता मोडायचं काही उरलं नव्हतं.

कॉलेजात वासुदेवराव नव्हते, कधीचेच बदलून गेले होते. ती खोली आता सायकली ठेवायची झाली होती. एक शिपाई स्टुलावर तंबाखू मळत होता. नत्थू त्याच्यापुढे ताठ उभा राहिला आणि सगळं वाक्य म्हटलं, एक अक्षर न चुकता.

शिपायानं त्याच्याकडे पाहिलं. तो इकडचाच होता.

"तुहा बुढा होय का तो?" त्यानं विचारलं.

"होय."

"बस गा." शिपाई उठला, त्याला स्टूल दिलं. "पुण्याचे मोठे सायब आले होते दोन वर्स झाले. पायलं अन् म्हणाले, हे काई जुनं नोय, महारोग्याचं होय. वासुदेवराव सायब दोन दिवस घरातून नाई निंगाले. मंग कपाट खाली कराले लावलं. तुटके बेंच अन् सारं एका ठेल्यात भरून देल्लं."

"कोठी नेलं?"

"कोठी नेते बाप्पा. गावाबाहेर."

"हे पेपरात आलं होतं का?"

"नाई," शिपाई म्हणाला. "हे कायले येते."

नत्थू उठला, हात जोडून निघाला.

वैनगंगेला पाणी कमी होतं. धनीराम काठावर धोतर खोचून उभा होता. भटजीनं मंत्र म्हटले, नत्थूनं डोकं भादरून घेतलं, पाण्यात उतरला आणि गाडगं वाकडं केलं. राख गेली, हाडांचे तुकडे गेले, आणि शेवटी फडक्यातून सुटून एक सबंध, पिवळा पडलेला जबडा पाण्यात पडला. तो जळलेला नव्हता. धनीरामनं पाहिला. नत्थूनं भटजीला विचारून दुसऱ्यांदा ओंजळ भरली, आणि यावेळी बापाचं नाव घेऊन पाणी सोडलं.

परतताना पुलावर बराच वेळ कोणी बोललं नाही. धनीरामसाठी ही मोठीच गोष्ट.

"नत्थू," अखेर तो म्हणाला, "त्या साली तू तुमसरवून मिठाचं पोतं आणलं होतं."

"हो."

"कायले आणलं होतं गा?"

नत्थू चालत राहिला. "लोणच्याले," तो म्हणाला.

धनीराम चार पावलं मागं पडला, मग पुन्हा त्याच्या बरोबरीला आला.

"हो," तो म्हणाला. "आंबे लय आले होते त्या साली."

गावात उतरले तेव्हा पाराजवळची पोरं ओरडली, माकडाचा आला. धनीरामनं पायातली चप्पल काढून त्यांच्यावर फेकली. पोरं पांगली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओरडली. नाव त्यानं पाडलं होतं, पण आता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं.